पास्त्याची पेज राखून ठेवा: धावपळीच्या संध्याकाळसाठी चार साधी जेवणे

पास्ता हा वेळून करण्याचा पदार्थ आहे, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला जवळजवळ दोन वर्षे लागली. कोकणात आणि गोव्यात भात भरपूर पाण्यात शिजवून, वेळून, त्याची पेज बाजूला काढून ठेवण्याची पद्धत आहे. आमच्या घरी मात्र भात म्हणजे कुकर आणि शिट्ट्या, त्यामुळे पहिला पास्ताही मी कुकरमध्ये दोन शिट्ट्या देऊन शिजवला आणि चमच्याने खाण्याजोगा लगदा ताटात वाढला. पुढच्या खेपेला चूक सुधारण्याच्या उत्साहात तो उघड्या पातेल्यात शिजवला, चाळणीत ओतला, नळाखाली थंड पाण्याने धुतला आणि चिकटू नये म्हणून वर तेलही चोळले. तो दिसायला अगदी सुटा, मोकळा झाला होता, पण सॉस घातल्यावर सगळा सॉस घसरून ताटाच्या तळाशी जमला आणि पास्ता अळणीच राहिला. या दुसऱ्या फजितीत मोरीत वाहून गेलेली गोष्ट म्हणजे पास्त्याची पेज. पुढे जे काही लिहिले आहे ते या पेजेभोवती फिरते, कारण संध्याकाळी आठला स्वयंपाकाला लागून पावणेनऊला चार माणसांना जेवायला बसवायचे असेल, तर क्रीम, व्हाइट सॉस आणि तयार मसाल्याच्या पुड्या यांपेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

पाकीट विकत घेताना

पाकिटाच्या दर्शनी भागावरील चित्रापेक्षा मागची घटकांची यादी वाचावी. तिथे ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असे लिहिलेले असावे. ड्युरम म्हणजे आपल्याकडे बन्सी किंवा बक्षी म्हणून ओळखला जाणारा कठीण, काचेसारख्या दाण्याचा गहू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे काही वाणही विकसित केले आहेत. या गव्हात प्रथिने भरपूर असतात आणि त्यांचे जाळे रव्यातील पिष्ट शिजतानाही बऱ्यापैकी धरून ठेवते, म्हणून पास्त्याचा आकार टिकतो. इटलीत तर सुका पास्ता ड्युरम गव्हाचाच असला पाहिजे, असा कायदा 1967 मध्ये झाला. यादीत नुसता मैदा किंवा साधी सूजी लिहिली असेल, तर तो पास्ता एका मिनिटात कच्चा आणि पुढच्या मिनिटात गिच्च होतो, आणि नवशिक्याच्या हातून ती एक मिनिटाची संधी हमखास निसटते.

आपल्याकडे ही विद्या अगदीच अनोळखी नाही. विदर्भात उन्हाळ्याच्या वाळवणात बारीक काडीभोवती पीठ गुंडाळून सरगुंडे करतात आणि ते आमरसासोबत खातात; ते पोकळ मॅकरोनीचे सख्खे भावंडच आहे. गव्हले, मालत्या, नखुल्या यांचेही तेच. म्हणून पास्त्याचे आकार पाहून बिचकण्याचे कारण नाही. घरात दोन आकार पुरतात: एक लांब, म्हणजे स्पॅगेटी, आणि एक आखूड, म्हणजे पेने किंवा फुसिली. पुढे दिलेल्या चण्यांच्या पास्त्यासाठी बारीक कोपरांच्या मॅकरोनीचे एक पाकीट आणून ठेवावे. चकचकीत, गुळगुळीत पास्त्यापेक्षा फिकट आणि पिठूळ दिसणारा पास्ता मिळाला तर तो घ्यावा. ब्राँझच्या साच्यातून काढलेल्या पास्त्याचा पृष्ठभाग असा खरखरीत असतो आणि त्याला सॉस अधिक धरतो. असा पास्ता महाग असतो, त्यामुळे रोजच्या जेवणासाठी त्याचा हट्ट नको.

पाणी, मीठ आणि कणी

घरी आल्यावर कपडे बदलण्याआधी पाणी गॅसवर ठेवावे. या एका सवयीने माझी पंधरा मिनिटे वाचली, कारण अडीच-तीन लिटर पाण्याला आपल्या घरगुती शेगडीवर उकळी यायला साधारण तेवढा वेळ लागतो आणि बहुतेक सॉसची तयारी त्याच वेळात उरकते. पाच लिटरचा कुकर, शिटी आणि झाकण बाजूला ठेवून, या कामाला उत्तम आहे. वीजेची किटली असेल तर निम्मे पाणी तिच्यात उकळून घ्यावे.

इटालियन घरांत 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ असे प्रमाण सांगितले जाते. चार माणसांसाठी मी 320 ग्रॅम पास्ता घेते, पण पाणी अडीच लिटरच ठेवते, कारण पाणी थोडे कमी असले की पेज दाट होते. फक्त सुरुवातीला ढवळण्याचा आळस करून चालत नाही. मीठ मी लिटरला आठ ग्रॅमच्या आसपास घालते, म्हणजे अडीच लिटरला बारीक मिठाचे चार सपाट चहाचे चमचे. हे ऐकून घरातील वडीलधारी मंडळी दचकतात, परंतु त्यातील बरेचसे मीठ पाण्यातच राहते. पाणी चाखल्यावर नीट मीठ पडलेल्या साराइतके खारट लागले पाहिजे. त्यात तेल मात्र घालू नये. ते वर तरंगत राहते आणि पास्ता वेळताना त्याला लागून सॉस घसरवण्याचे काम तेवढे करते.

पाणी खळखळून उकळल्यावरच पास्ता सोडावा आणि पहिली दोन मिनिटे सतत ढवळावे. पास्ता चिकटतो तो याच वेळात, कारण तेव्हा बाहेरचे पिष्ट फुलून चिकट झालेले असते आणि पाण्यात पुरते मिसळलेले नसते. एकदा हा टप्पा ओलांडला की अधूनमधून ढवळणे पुरते. स्पॅगेटी मोडू नये. ती पातेल्याच्या कडेला टेकवून ठेवली की अर्ध्या मिनिटात मऊ होऊन आपोआप आत वाकते.

पाकिटावर दहा मिनिटे लिहिली असतील तर सातव्या मिनिटापासून एकेक तुकडा काढून नखाने किंवा सुरीने कापून पाहावा. मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो, ती कणी. भातात कणी राहिली तर आपण तो कच्चा म्हणतो, पास्त्यात मात्र मोहरीएवढी कणी दिसत असतानाच तो पाण्यातून काढायचा असतो, कारण त्याचे उरलेले शिजणे सॉसमध्ये व्हायचे असते. इटालियन लोक ज्याला ‘अल देन्ते’ म्हणतात, म्हणजे दाताला जाणवेल असा, ती अवस्था ताटात यायला हवी, चाळणीत नव्हे. आमच्या घरी सासूबाईंना तो याहून मऊ आवडतो. त्यांचा वाटा मी कढईत दोन मिनिटे जास्त ठेवते आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही.

वेळणे आणि शेवटची दोन मिनिटे

पास्ता वेळण्याआधी एक मोठे फुलपात्र पातेल्यात बुडवून दोन वाट्या पेज काढून ओट्यावर ठेवावी. हे विसरायला होते, म्हणून मी चाळणीतच ते फुलपात्र ठेवते. चाळणी उचलायला गेले की ते हाताला लागतेच. पास्ता धुवू नये. थंड सॅलडसाठी करायचा असेल तरच धुवावा, एरवी नाही.

या पेजेत पास्त्यातून सुटलेले पिष्ट असते. तेल आणि पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत, पण पिष्ट मिसळलेल्या पाण्यात तेलाचे बारीक थेंब अडकून राहतात आणि जोरात हलवल्यावर दुधासारखा, अंगाला बसणारा सॉस तयार होतो. म्हणून सॉस असलेली कढई मध्यम आचेवर ठेवायची, त्यात गरम पास्ता आणि अर्धी वाटी पेज घालायची आणि दोन मिनिटे न थांबता परतायचे, किंबहुना कढई उचलून झटकायचे. सुरुवातीला ते सगळे पाणचट दिसते आणि हात थबकतो. थबकू नये. दीड मिनिटाच्या सुमारास पाणी दिसेनासे होऊन पास्त्यावर चकाकी येते. फार आळले तर आणखी पेज घालावी, सैल वाटले तर अर्धा मिनिट अधिक ठेवावे. ताटात गेल्यावर पास्ता सॉस पीत राहतो, त्यामुळे कढईत तो खाण्याच्या बेतापेक्षा किंचित सैलच असताना गॅस बंद करावा. कढई मात्र मोठी हवी. भाजी करण्याच्या लहान कढईत 320 ग्रॅम पास्ता हलवता येत नाही आणि अर्धा शेगडीवर सांडतो.

लसूण आणि तेल

घरात भाजी नसेल तेव्हाचे हे जेवण. नेपल्सकडची ही स्पॅगेटी ‘आल्यो ए ओल्यो’ म्हणून ओळखली जाते आणि तिच्यात लपायला जागा नसल्यामुळे वरची सगळी कृती तिच्यावरच शिकावी. चौघांसाठी 320 ग्रॅम स्पॅगेटी, सहा मोठे चमचे ऑलिव्ह तेल, दोन-तीन सुक्या लाल मिरच्या आणि लसूण एवढेच लागते. इटालियन पाककृतीत चार पाकळ्या लिहिलेल्या असतात, पण त्यांची एक पाकळी आपल्या तीन गावठी पाकळ्यांएवढी असते. आपण दहा-बारा घ्याव्यात आणि ठेचण्याऐवजी पातळ काप करावेत.

लसूण थंड तेलात घालून मग मंद गॅस लावायचा, हे आपल्या फोडणीच्या नेमके उलट आहे. कडकडीत तेलात लसूण बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा या पदार्थात कशानेही झाकत नाही. पास्ता पाण्यात सोडल्यानंतर दोन मिनिटांनी तेल तापत ठेवावे. चार-पाच मिनिटांत कापांच्या कडा फिकट सोनेरी होतात. तेव्हा मिरचीचे तुकडे घालावेत आणि लगेच एक पळी पेज त्यात ओतावी. ती चरचरते, तेलाचे तापमान खाली येते आणि लसूण तिथेच थांबतो. मग कणी राहिलेली स्पॅगेटी चिमट्याने थेट कढईत घ्यावी, आणखी अर्धी वाटी पेज घालावी आणि वर सांगितल्याप्रमाणे दोन मिनिटे झटकावे. शेवटी चिरलेली पार्सली. ती नसेल तर कोथिंबीर चालते, पण चव बदलते हे मान्य करून घालावी.

शेंगदाणा तेलात हा पदार्थ मी करून पाहिला. खाता येतो, पण तो शेंगदाण्याच्या चवीचाच होतो. चीज याच्यावर नको. त्याऐवजी शिळ्या पावाचा जाडसर चुरा चमचाभर तेलात कुरकुरीत भाजून वरून भुरभुरवावा. दक्षिण इटलीत चीज परवडत नसे त्या घरांतून ही रीत आली आहे.

टोमॅटोचा सॉस

आपल्याकडचे संकरित टोमॅटो जाड सालीचे, पाणीदार आणि बऱ्यापैकी आंबट असतात, कारण ते दूरच्या प्रवासात टिकावेत म्हणून निवडलेले असतात. त्यामुळे नारायणगावहून आलेला कितीही ताजा टोमॅटो असला, तरी तो पूर्ण पिकून लाल होईपर्यंत दोन दिवस टोपलीत, फ्रिजच्या बाहेर ठेवावा. चौघांसाठी 700 ग्रॅम घ्यावेत. उकळत्या पाण्यात टाकून साले काढण्याचा खटाटोप आठवड्यातल्या रात्री परवडत नाही. टोमॅटो आडवा अर्धा कापून कापलेली बाजू किसणीवर घासली की गर ताटात पडतो आणि साल हातात राहते. सात-आठ टोमॅटोंना पाच मिनिटे लागतात.

तीन मोठे चमचे तेलात चार-पाच ठेचलेल्या लसूणपाकळ्या मंद आचेवर हलक्या गुलाबी करून त्यात हा गर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. झाकण न ठेवता मध्यम आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे आटवावा. हळद, धनेपूड, गरम मसाला यांना सुट्टी द्यावी. ते घातले की चांगली ग्रेव्ही होते, पण मग ती पोळीशीच खावीशी वाटते. पळीने कढईच्या तळाला रेघ ओढल्यावर ती क्षणभर तशीच राहिली आणि कडेने तेलाचा नारिंगी किनारा दिसू लागला की सॉस झाला. आंबट लागला तर पाव चमचा साखर आणि शेवटी लोण्याचा एक तुकडा घालावा. साखरेपेक्षा लोण्याने आंबटपणा जास्त सौम्य होतो, असा माझा अनुभव आहे.

या सॉसला बेसिलची पाने लागतात आणि त्यासाठी महागडी जुडी आणण्याची गरज नाही. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे बेसिलच्याच जातीचे बी. वाण्याकडचा चमचाभर सब्जा कुंडीत पेरला की आठवड्याभरात रोपे येतात. त्यांचा वास इटालियन वाणापेक्षा जरा उग्र असतो, पण सॉस त्याने खुलतो. देवाजवळच्या तुळशीची पाने मात्र घालू नयेत, त्यांची चव लवंगेकडे झुकते आणि सॉस काढ्यासारखा लागतो.

रविवारी दुप्पट सॉस करून निम्मा बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला, तर तो चार दिवस राहतो आणि मधल्या एका रात्रीचे काम पास्ता उकळण्यापुरतेच उरते.

काबुली चण्यांचा पास्ता

रोममध्ये ‘पास्ता ए चेची’ नावाने होणारा हा पदार्थ मला सर्वांत घरचा वाटतो, कारण चकोल्या किंवा वरणफळे ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. इथे वेळण्याचा प्रश्नच येत नाही. पास्ता चण्यांच्या पाण्यातच शिजतो आणि सगळी पेज पातेल्यातच राहते.

सकाळी निघताना एक वाटी काबुली चणे भिजत घालावेत. संध्याकाळी ते मीठ आणि भरपूर पाणी घालून कुकरमध्ये अगदी मऊ शिजवावेत. आमच्याकडे पहिल्या शिटीनंतर वीस मिनिटे मंद आच लागते. चणे जुने असतील तर त्याहून जास्त. शिजल्यावर साधारण तिसरा हिस्सा चणे थोड्या पाण्यासह मिक्सरमधून फिरवून पुन्हा त्यातच मिसळावेत. दुसऱ्या पातेल्यात तीन चमचे तेल, चार पाकळ्या लसूण, एक लाल मिरची आणि मिळाली तर रोजमेरीची काडी मंद परतावी, एक किसलेला टोमॅटो घालून तो आळवावा आणि त्यावर चणे त्यांच्या पाण्यासह ओतावेत. एकूण द्रव दीड लिटरच्या आसपास हवा. कमी असेल तर गरम पाणी घालावे. उकळी आली की 200 ग्रॅम बारीक मॅकरोनी सोडावी आणि तळाला लागू नये म्हणून वारंवार ढवळत शिजवावी. कच्चेपणा जेमतेम गेला की गॅस बंद करून पाच मिनिटे झाकून ठेवावे. या पाच मिनिटांत पातळ आमटीसारखे दिसणारे प्रकरण चमचा उभा राहील इतके दाट होते. वाढताना वर कच्चे ऑलिव्ह तेल आणि भरपूर मिरपूड घालावी. लिंबू पिळण्याचा मोह मला होतो, आणि मी पिळते.

चीज आणि मिरी, जरा हात बसल्यावर

‘काचो ए पेपे’ या रोमच्या पदार्थात पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता एवढेच असते, आणि तरीही तो माझ्या हातून तीनदा बिघडला. चीज गरम पास्त्यावर घातले की सॉस होण्याऐवजी त्याच्या रबरी गाठी होतात. तापमान साधारण 65 अंश सेल्सिअसच्या वर गेले की चीजमधील प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात, हे त्याचे कारण आहे. युरोपातील संशोधन संस्थांत काम करणाऱ्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने याच गाठींचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना 2025 चे भौतिकशास्त्राचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. चीजच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के पिष्ट सॉसमध्ये असले की गाठी होत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. नुसत्या पेजेत इतके पिष्ट असेलच याची खात्री नसते, म्हणून इथे कॉर्नफ्लोअरची मदत घ्यावी.

दोघांसाठी 160 ग्रॅम स्पॅगेटी आणि पिठासारखे बारीक किसलेले 100 ग्रॅम चीज घ्यावे. एक सपाट चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर चार मोठे चमचे थंड पाण्यात कालवून मंद आचेवर खळीसारखे दाट होईपर्यंत हलवावे आणि कोमट झाल्यावर त्यात चीज घोटून गुळगुळीत पेस्ट करावी. कोरड्या कढईत चहाचा दीड चमचा जाडसर कुटलेली मिरी सुगंध येईपर्यंत भाजावी, त्यात पळीभर पेज आणि स्पॅगेटी घालून परतावे, गॅस बंद करून पूर्ण एक मिनिट थांबावे आणि त्यानंतरच पेस्ट मिसळावी. पाण्यात मीठ निम्मेच घालावे, कारण पेकोरिनो स्वतः खूप खारट असते.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अस्सल पेकोरिनो रोमानो आणि पार्मिजानो रेज्जानो ही दोन्ही चीजे प्राण्यांच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरून करतात. भारतात होणाऱ्या, हिरव्या ठिपक्याच्या कडक चीजने काम भागते. प्रक्रिया केलेल्या चीजचे क्यूब मात्र वेगळे असतात. त्यांत विरघळण्यास मदत करणारे क्षार आधीच असल्यामुळे गाठी होत नाहीत, पण चवही शाळेच्या डब्यातल्या सँडविचचीच येते.

उरलेल्या पास्त्याचे काय

पास्ता उरला तर भाताप्रमाणेच तो दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. सकाळी त्याचा घट्ट गोळा झालेला असतो. डब्यात न्यायचा असेल तर कढईत तीन-चार चमचे पाणी घालून, झाकण ठेवून वाफ आणावी आणि मगच ढवळावा, म्हणजे तुकडे मोडत नाहीत.

अंडे खाणाऱ्यांना याहून चांगला मार्ग नेपल्सच्या लोकांनी दाखवला आहे. 250 ग्रॅम उरलेला पास्ता, चार फेटलेली अंडी, मूठभर किसलेले चीज आणि मिरपूड एकत्र करून, दोन चमचे तेल घातलेल्या जाड तव्यावर दोन बोटे जाडीचा थर पसरावा. मंद आचेवर आठ मिनिटांनी कडा सुटतात. मग तव्यावर ताट पालथे घालून उलटावे आणि दुसरी बाजू पाच मिनिटे भाजावी. थंड झाल्यावर थालीपिठासारखे चतकोर कापावेत आणि गरम न करता तसेच डब्यात भरावेत.